बसम्मांचं मौन

पडदा वर जातो तेव्हा सकाळचं ऊन रंगमंचभर सांडलेलं आहे. खाली मोंढ्यात ओतलेल्या कापसासारखे ढगांचे ढीग, वर नुकतंच धुऊन वाळत घातल्यासारखं निळं आकाश, आणि दोहोंच्या मधून नांदेडहून बंगळुरूला निघालेलं पंख्याचं छोटं विमान. आत दोन-दोन खुर्च्यांच्या रांगा. डावीकडे खिडकीपाशी एक ठेंगणी, सावळी म्हातारी बसली आहे. अंगावर इरकली लुगडं, गळ्यात दोऱ्यात ओवलेली चांदीची डबी, मांडीवर कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर असा भाव की विमान आपल्या घरचंच आहे, फक्त ड्रायव्हर जरा नवा आहे.

या बसम्मा. परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठच्या शिवरुद्रअप्पांच्या किराणा दुकानाच्या मालकीणबाई. वय विचारलं तर एवढंच सांगायच्या, की आधार कार्डावर लिहिलंय ते खोटं हाय. कमी की जास्त, ते मात्र सांगायच्या नाहीत.

सोनपेठात बसम्मांचं तोंड प्रसिद्ध होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानावरून जाणाऱ्या माणसाला त्या हाक मारायच्या. त्याच्या सुनेची चौकशी, म्हशीची चौकशी, गुडघ्याची चौकशी. एवढी चौकशी झाल्यावर रिकाम्या हातानं जायची लाज वाटून तो बिचारा गूळ घेऊन जायचा. घरी गेल्यावर बायको विचारायची, गूळ कशाला आणला, कालच तर आणला होता. तो म्हणायचा, बसम्मा भेटल्या होत्या. मग बायको पुढं काही विचारायची नाही.

पण सकाळची लिंगपूजा सुरू झाली की तेच तोंड शिवल्यासारखं बंद. कपाळावर भस्माच्या तीन रेघा, डाव्या तळहातावर गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग, नजर त्याच्यावर खिळलेली, आणि मनातल्या मनात जप. पूजा पुरी होईपर्यंत ओठातून शब्द बाहेर पडायचा नाही आणि ओठातून पाण्याचा थेंब आत जायचा नाही. हा नेम सासूनं घालून दिला होता. नवी सून फार बोलते म्हणून सासूनं मुद्दाम घातला, असं वेशीतली माणसं म्हणायची. सासू गेली, नेम राहिला.

शिवरुद्रअप्पा मोठे मिश्कील गृहस्थ. देवाधर्माचे पक्के, पण बायकोच्या या मौनाची त्यांना लय गंमत. गावात कुणाला उभ्या पिकाचा सौदा करायचा नाद असतो, कुणाला पत्त्यांचा. अप्पांना एकच नाद, बसम्मांना पूजेत बोलायला लावायचं. त्या डोळे लावून बसल्या की हे पलीकडच्या खोलीतून गिऱ्हाइकाला मोठ्यानं सांगायचे, आमच्या घरी स्वयंपाक मीच करतो, हिला साधी आमटी जमत नाही. बसम्मांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, ओठ हलायचे नाहीत. एकदा मोकाट वळू दुकानात शिरून शेंगदाण्याच्या पोत्यात तोंड घालून उभा राहिला. बसम्मांना पूजेच्या पाटावरून तो समोर दिसत होता. वळू खात राहिला, बसम्मा बघत राहिल्या, आणि अप्पा दाराआड लपून हसत राहिले. पूजा संपली. मग त्या आधी वळूशी बोलल्या आणि नंतर दिवेलागणीपर्यंत अप्पांशी.

आणखी एकदा अप्पांनी कळस केला. बसम्मांच्या माहेरचं पितळी घंगाळ त्यांनी पूजा चालू असताना आपल्या बहिणीच्या हवाली केलं. घंगाळ डोळ्यांदेखत उंबऱ्याबाहेर गेलं. बसम्मा हूं की चूं करेनात. पूजा उरकली, लिंग डबीत ठेवलं, तीर्थ घेतलं, आणि तशाच स्टँडवर जाऊन एसटीच्या टपावरून घंगाळ उतरवून घेऊन आल्या. नणंदेला तिथेच चहाही पाजला.

हरल्यावर अप्पा दरवेळी एकच वाक्य म्हणायचे. "एक दिवस तू पूजेत बोलणार बघ. मी असेन नसेन, पण बोलणार." आणि बसम्मांचं उत्तरही ठरलेलं. "तुमी असताना तर न्हाईच."

तसंच झालं. अप्पा गेले, पण बसम्मा बोलल्या नाहीत. जाताना मात्र त्यांनी समजूतदारपणा दाखवला. त्या दिवशी सकाळची पूजा आटोपेपर्यंत ते थांबले.

तर अशा बसम्मा विमानात कशा, ते आता सांगायला हवं. त्यांचा एकुलता एक मुलगा शिवकांत बंगळुरूला नोकरीला. त्याची बायको स्वप्ना बाळंत झाली, मुलगी झाली. बाळाच्या गळ्यात पहिलं लिंग आजीनं बांधायचं, ही त्यांच्या घरची रीत. लिंग बसम्मांनी स्वतः करवून घेतलेलं आणि ते त्यांच्याच पिशवीत, त्यामुळे त्या पोचल्याशिवाय काही होणार नव्हतं. हा विधी करणारे तिकडचे जंगम महाराज एका ठरल्या सकाळी येणार आणि दुपारच्या आत पुढच्या गावाला निघणार. पुन्हा कधी गाठ पडेल याचा भरवसा नाही. रेल्वेचं तिकीट मिळेना. शिवकांतनं विमानाचं काढलं.

बंगळुरूला भस्म मिळतं, पण ते बसम्मांच्या मते नुसती राख. खरं भस्म त्यांच्या घरच्या गाईच्या गोवऱ्यांचं. त्याचे पांढरेशुभ्र गोळे त्यांनी बाळासाठी बाजूला काढून ठेवले होते. तेवढ्यात मेडिकल दुकानाचा मल्लेश आला. हा मल्लेश एकदा विमानात बसून आलेला, म्हणून गल्लीत विमानाच्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा. तो म्हणाला, गोळे नेऊ नका काकू, पांढरा गोळा बघितला की ते लोक शंका घेतात. पावडर करून न्या, पावडर सगळ्याच बायका नेतात. बसम्मांना पटलं. त्यांनी सगळे गोळे खलबत्त्यात कुटले आणि अप्पांच्या जुन्या धोतराच्या पानातून गाळून घेतले. असं वस्त्रगाळ, की चिमटीत धरलं तर चिमटीत काही आहे की नाही ते कळू नये. मग ते रबरी कडं असलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात हातानं दाबून दाबून भरलं आणि झाकण असं लावलं की आत मुंगी काय, हवासुद्धा जाऊ नये.

सकाळची पूजा विमानतळावर बसून करायची, असा त्यांचा बेत होता. देव गळ्यातच असल्यावर देऊळ कशाला हुडकायचं. पण तिथे तपासणीवाल्या बाईनं डबा उघडला, नाकाशी नेला, जोरात शिंकली आणि हसत हसत "जाइए अम्मा" म्हणाली. ती शिंक हा खरं तर इशारा होता. पण नाटकात इशारे असतात ते प्रेक्षकांसाठी, पात्रांना ते कधी कळले आहेत? या सगळ्यात वेळ गेला, बोलावणं आलं, आणि बसम्मा बिनपूजेच्या, बिनपाण्याच्या विमानात चढल्या.

दारात एक उंच, नीटस मुलगी उभी होती. तीच आतल्या कर्मचाऱ्यांची प्रमुख. तिनं आधी इंग्रजीत आणि मग स्वच्छ हिंदीत स्वागत केलं. बसम्मांनी मनाशी ठरवलं, ही दिल्लीकडची.

शेजारच्या खुर्चीवर आले सूर्यभान. पाथरीचे बियाणं-खतांचे व्यापारी. केस काळे कुळकुळीत, मिशी त्याहून काळी; दोन्ही कालच रंगवलेलं असावं. आपण नेहमी विमानानं जातो, हे त्यांनी पट्टा बांधायच्या आतच सांगून टाकलं. मावशीला पट्टा बांधायला शिकवला, खिडकीची झडप शिकवली, आणि डोक्यावरची हवेची गोल तोटी पूर्ण उघडून तिचं तोंड बसम्मांच्या मांडीकडे वळवून दिलं. म्हणाले, "हवा खा मावशी. तिकिटातच हाय."

विमान वर गेलं, सरळ झालं. बसम्मांनी त्या उंच मुलीकडून पेल्यात पाणी मागून घेतलं. ते पिण्यासाठी नाही हे तिला कळायचं कारण नव्हतं. समोरची घडीची फळी उघडून पाट केला, पिशवीतून बेलाचं पान काढलं, चांदीच्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि तोंड बंद केलं. इथून पुढे मौन. मग डबा मांडीवर घेऊन उजव्या अंगठ्यानं झाकण उचकटलं.

खालच्या हवेत दाबून बंद केलेला डबा इतक्या उंचावर उघडल्यावर काय होतं, हे बसम्मांना ठाऊक नव्हतं. मल्लेशलाही नव्हतं. फुस्स करून डब्यानं सुस्कारा टाकला, आणि त्या सुस्काऱ्याबरोबर भस्माचा लोट वर उठला. वरून तोटीचा झोत आला. झोतानं लोट उचलला, फिरवला, मागच्या रांगांवर नेऊन पसरला. खिडक्यांतून तिरपं ऊन येत होतं. त्या उन्हात ते भस्म असं तरंगायला लागलं, की पौराणिक नाटकात देव प्रकट व्हायच्या आधी सोडतात तो धूरही त्याच्यापुढे फिका.

बसम्मांचं लक्ष मात्र तळहातावर. चिमूटभर भस्म कपाळाला लावलं, लिंगाला लावलं, आणि नजर खिळवली.

तेवढ्यात डुलकी लागलेल्या सूर्यभाननी डोळे उघडले. समोर सगळं धूसर. ते उठून उभे राहिले आणि नेहमी विमानानं जाणाऱ्या माणसाच्या आवाजात ओरडले, "धूर! इमानाला आग लागलीय!"

एकदम गलका उठला. कुणी उभं राहिलं, कुणी सामान काढायला वरच्या कप्प्याला हात घातला, मागच्या बाजूला एक बाळ रडायला लागलं. पण ती उंच मुलगी पडद्याआडून अशी आली, जणू तालीम आजच सकाळी झाली होती. तिनं आधी सगळ्यांना खाली बसवलं. सामानाला हात लावायचा नाही, डोकं खाली घ्या, नाकावर रुमाल धरा. तिच्या हाताखालची मंजुषा नावाची लहानखुरी मुलगी भिंतीवरचा फोन घेऊन वैमानिकाला सांगायला लागली, कुठल्या रांगेत दिसतंय, केवढं दाट आहे, रंग कसा आहे. आगीचं नळकांडं आणि धुरात घालायचा टोप त्यांनी हाताशी आणून ठेवला. मग उंच मुलगी एकेक कप्पा उघडून बघायला लागली. शौचालय बघून आली. भिंतींवरून आणि छतावरून हाताची पालथी बाजू फिरवत गेली, कुठे गरम लागतं का म्हणून. मध्येच थांबून हवा हुंगायची. जळका वास कुठेच नव्हता, आणि तिच्या कपाळावर आठी होती ती त्याचीच.

गलक्यानं बसम्मांची नजर तळहातावरून जरा ढळली. शेजारी बघतात तर सूर्यभान पांढरे. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, मिशी तर पार पिकून गेलेली. घटकाभरात या माणसाचं म्हातारपण कसं आलं, असा विचार करत त्यांनी आपल्या मांडीकडे बघितलं. मांडी पांढरी. डबा अर्धा रिकामा. वर तोटीतून सूं सूं झोत. मग बसम्मांना सगळा उलगडा झाला, आणि पोटात हसू उसळलं. ते त्यांनी दाताखाली धरलं. पूजेत बोलायचं नाही तसं हसायचंही नाही.

पण सांगायला तर हवं. त्यांनी उजव्या हातानं सूर्यभानचा दंड हलवला. डब्याकडे बोट केलं, मग तोटीकडे बोट केलं, मग बोटं उघडून हवेत फुस्स केल्यासारखं दाखवलं. एखाद्या मूकनाट्यात शोभावा असा अभिनय. समजायला प्रेक्षक तेवढा चुकीचा होता. सूर्यभाननी अर्थ लावला आणि पुन्हा ओरडले, "अवो बाई, मावशीला दम लागलाय. वारं मागायल्यात. वाचा बंद झालीय त्येंची."

बसम्मांनी जोरजोरात मान हलवली. सूर्यभान म्हणाले, बघा, झटके बी यायलेत.

मंजुषा ऑक्सिजनचं नळकांडं आणायला धावली. उंच मुलीनं तिला अडवलं. धूर कशाचा ते कळल्याशिवाय ऑक्सिजन उघडायचा नाही. आग असेल तर ती भडकेल. त्याऐवजी तिनं कापड पाण्यात भिजवलं आणि बसम्मांच्या नाकातोंडावर हळुवार धरलं. हेतू चांगला, पण बसम्मांच्या ओठांशी पाणी आलं. पूजेच्या आधी पाणी. त्यांनी ओठ असे आवळले की गालावर खळगे पडले, आणि मान इकडून तिकडे फिरवायला लागल्या. कापड त्यांच्या मागे, तोंड पुढे. त्या गडबडीत डबा तिरका झाला आणि आणखी एक लोट वर गेला.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, परत आला धूर.

तेवढ्यात छतातून वैमानिकाचा आवाज आला. तोंडाला नळीचा मुखवटा लावून बोलत असावा. आवाज घागरीतून आल्यासारखा. घाबरू नका, खबरदारी म्हणून आपण हैदराबादला उतरत आहोत. आणि विमानाचा एक पंख खाली झुकला, खिडकीतलं आकाश तिरकं झालं.

बसम्मांच्या पोटातलं हसू जागच्या जागी थिजलं. हैदराबादला उतरलं की तपासणी, पंचनामा, दुसरं विमान, आणि तोवर दुपार. महाराज निघून गेलेले. पाळण्यात ते एवढंसं पोर, गळा मोकळा. पिशवीत त्याचं लिंग, आणि पिशवी हैदराबादला.

एका तळहातावर आयुष्यभराचा नेम होता. वळू आला तरी न मोडलेला, घंगाळ गेलं तरी न मोडलेला. त्यांनी त्या तळहातावरच्या लिंगाकडे बघितलं. क्षणभर काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, ते त्या दोघांत. मग बसम्मांनी तोंडावरचं ओलं कापड बाजूला केलं.

"पोरी, इमान जळत न्हाई. माझं भस्म उडालंय."

आवाज मोठा नव्हता. पण सूर्यभान एकदम मागे सरकले, जणू खुर्चीच बोलली. उंच मुलगी खाली वाकली. तिनं डब्यात बघितलं, तोटीकडे बघितलं, सूर्यभानच्या मिशीवरून बोट फिरवून बोटाकडे बघितलं. आणि तिचं इंग्रजी कुठे गेलं, हिंदी कुठे गेली कोण जाणे. तोंडातून निघालं ते असं:

"तुमी खरं सांगायलाव ना, आजी? मंग मगापून बोलला काहून न्हाईत?"

बसम्मांनी तिच्याकडे निरखून बघितलं. म्हणाल्या, "अगं, तू तर आमच्या परभणीची हायस."

तर ती परभणीचीच होती. सुकेशनी तिचं नाव, शाळामास्तर सिद्धोधन यांची लेक. पण हे सगळं तिनं पुढे सांगितलं. त्या वेळी ती फक्त व्हय म्हणाली, आणि ओळखपाळख नंतर, आधी मला डबा बघू द्या, म्हणाली. तिनं डबा हुंगला, तळाशी हात लावून गरम आहे का बघितलं. मग फोनवर वैमानिकाशी इंग्रजीत बोलली. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. ती परत आली आणि म्हणाली, नुसत्या सांगण्यावर विमान वळवता येत नाही. आजी, मघाशी जे केलं ते परत करून दाखवा, तसंच्या तसं. धूर याचाच आहे हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. बाकी कुठे काही जळत असलं आणि मी भस्मावर भागवलं तर हे सगळे लोक माझ्या माथी.

दुसरी कुणी म्हातारी असती तर रागावली असती. बसम्मांना उलट ते पटलं. म्हणाल्या, "बराबर हाय. मी बी गूळ फोडून बघितल्याबिगर दुकानात घेत न्हाई."

मग झाला त्या नाटकाचा दुसरा प्रयोग, आणि या वेळी प्रेक्षकांना माहीत होतं काय बघायचं ते. पुढच्या रांगेतले गुडघ्यांवर उभे राहून मागे बघायला लागले, मागचे माना उंचावून पुढे. बसम्मांनी पदर सारखा केला, डबा तोटीखाली धरला, झाकण जरासं किलकिलं केलं, आणि सगळीकडे एकवार बघून घेतलं, टाळी घ्यायच्या आधी नट बघतो तसं. पांढरा लोट उठला, झोतावर चढला, उन्हात तरंगला, आणि पहिल्या वेळेसारखाच सूर्यभानच्या डोक्यावर उतरला. सूर्यभान शिंकले. मागून एक हसलं, मग सगळं विमान हसलं. ज्या बाळानं मघाशी रडून घेतलं होतं तेही हसलं.

सुकेशनीनं मात्र हसण्याआधी तोटी बंद केली, लोट हळूहळू खाली बसताना बघितला, पुन्हा एकदा भिंतींवर पालथा हात फिरवला, शौचालयात जाऊन आली, आणि मगच फोन उचलला. थोड्या वेळानं विमानाचा पंख दुसऱ्या बाजूला झुकला आणि आकाश सरळ झालं. बंगळुरू.

आता राहिली पूजा. मोडलेली पूजा मोडलेलीच. पहिल्यापासून करायला हवी होती. डब्यात तळाशी चिमूटभर भस्म उरलं होतं, ते बाळाचं. त्याला बसम्मा हात लावेनात. त्यांनी शेजारी बघितलं.

"भाऊ, जरा वाका बरं खाली."

सूर्यभाननी आढेवेढे घेतले, केस काल रंगवल्याचं पुटपुटले, पण शेवटी वाकले. बसम्मांनी त्यांच्या टाळूवरून तीन बोटं हलकेच फिरवली आणि तीच आपल्या कपाळावर आडवी ओढली. पाथरीच्या त्या व्यापाऱ्यानं पुढे कितीतरी दिवस दुकानात सांगितलं म्हणे, की आपल्या डोक्यावरून देवाची पूजा झाली. पांढऱ्या मिशीचं त्यानं कुणाला सांगितलं नाही.

सुकेशनी त्या रांगेपाशी वाटेत उभी राहिली. कुणी मोठ्यानं बोललं की नुसतं बघायची. मंजुषानं चहाची गाडी अर्ध्यावर थांबवली. आणि जे विमान घटकेपूर्वी बाजारासारखं गाजत होतं, ते एका म्हातारीच्या तळहाताभोवती गप्प झालं. फक्त पंख्यांची घरघर. पूजा झाली, लिंग डबीत गेलं, तीर्थ झालं. मग सुकेशनीनं नवा पेला भरून पुढे केला. काल रात्रीपासून न प्यालेलं पाणी बसम्मा घोट घोट प्याल्या, आणि पेला ठेवताक्षणी बोलायला लागल्या. सुकेशनीची चौकशी, तिच्या आईची चौकशी, लग्न ठरलं का त्याची चौकशी. विमान उतरेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. तिथे गूळ असता तर सुकेशनीनं नक्की घेतला असता.

बंगळुरूला उतरताना दोन लाल गाड्या दिवे फिरवत विमानाच्या दोन्ही अंगांनी धावत आल्या. नियमच तसा, एकदा धूर म्हटलं की त्या येतात, आणि मग विमान पुन्हा तपासलं जातं. बसम्मांना वाटलं, शिवकांतनं स्वागताची जरा जास्तच हौस केली.

दारात सुकेशनीला अहवाल लिहायचा होता. तिनं बसम्मांना विचारलं, धुराचं कारण काय लिहू. बसम्मा म्हणाल्या, खरं ते लिही. तिनं तसंच लिहिलं. वैमानिक बाहेर येऊन त्यांना बघून गेला, आणि जाताना त्याच्या काळ्या बाहीवर भस्माचं एक बोट उमटलेलं होतं. ते कुणी उमटवलं, हे सांगायची गरज नाही.

महाराज वाट बघत थांबले होते. दुपारच्या आत बाळाच्या गळ्यात लिंग बांधलं गेलं. डब्याच्या तळाशी उरलेल्या भस्माची एवढीशी रेघ त्या इवल्या कपाळावर ओढली. बाळ शिंकलं. बसम्मा म्हणाल्या, सूर्यभान भाऊसारखंच शिंकलं, आणि मग सूर्यभान कोण ते सगळ्यांना पहिल्यापासून सांगावं लागलं. त्यांनी तिन्ही लोट हातवारे करून दाखवले. स्वप्ना हसून हसून भिंतीला टेकली.

जेवणं झाली, पंगती उठल्या. संध्याकाळी शिवकांत आईजवळ येऊन बसला. लहानपणी दाराआड बापाशेजारी लपून वळूची गंमत बघणारं पोर ते. त्याला सगळं ठाऊक होतं. तो म्हणाला, "माय, बाबांनी सगळी हयात घालवली, त्यांना जमलं न्हाई. आन् तू इमानात बोललीस?"

बसम्मा पाळण्याची दोरी ओढत होत्या. दोरी थांबली नाही.

"बोलले की. आन् त्येंनी ऐकलं बी असंल. बोलले तवा त्येंच्या दारावरूनच चाललो होतो आमी."